ओठ, टाळू आणि वाचा

गरोदर बाईने ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, विळीला हात लावू नये, शक्यतो उंबऱ्याबाहेर पाऊलच टाकू नये, हा आपल्याकडील जुना शिरस्ता असून तो मोडल्यास पोटातील मुलाचा ओठ चिरला जातो, ही समजूत केवळ खेड्यापाड्यांतच नव्हे, तर शहरांतील शिकल्यासवरल्या घरांतही अद्याप चांगली तग धरून आहे. वरचा ओठ दुभंगलेले मूल जन्मास आले की घरातील वडीलधाऱ्या बायका पंचांग काढून मागील महिन्यांतील ग्रहणे शोधू लागतात, एखादे सापडतेच, आणि मग त्या दिवशी सुनेने काय केले याची जी उलटतपासणी सुरू होते तिचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. ही समजूत आपल्या एकट्याचीच आहे असे मात्र नाही. मेक्सिकोतील गर्भवती स्त्रिया ग्रहणाचा दोष लागू नये म्हणून लोखंडी किल्ली किंवा पिन अंगावर बाळगीत आल्या आहेत. युरोपात गर्भवतीला ससा दिसला तर मुलाचा ओठ सशासारखा होतो अशी धारणा शतकानुशतके होती. चंद्र, सूर्य, ससा, विळी अशी निमित्ते देशोदेशी बदलत गेली. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती सर्वत्र आईच.

ह्या आरोपाच्या खंडनास गर्भाचे वेळापत्रकच पुरेसे आहे. मुलाचा वरचा ओठ घडतो तो गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, म्हणजे ज्या सुमारास आईला पाळी चुकल्याची नुकती कोठे शंका येऊ लागलेली असते आणि घरात त्या गोष्टीचा उच्चारही झालेला नसतो, त्या सुमारास. टाळू पूर्ण होते ती बाराव्या आठवड्यापर्यंत. घरची मंडळी सुनेला ग्रहण पाळावयास लावतात ती पाचव्या-सातव्या महिन्यात, पोट दिसू लागल्यावर. तोपर्यंत ओठाचा आणि टाळूचा काय तो निकाल केव्हाच लागलेला असतो, आणि त्यानंतर तिने विळी हातात धरली काय किंवा दिवसभर देवापुढे बसून काढला काय, त्यात तिळमात्र फरक पडण्याजोगा नसतो.

ही घडण मोठी विलक्षण आहे. गर्भाचा चेहरा एकसंध असा वाढत नाही. तो निरनिराळ्या दिशांनी वाढत येणाऱ्या पाच उंचवट्यांच्या मिलाफातून सिद्ध होतो. कपाळाच्या बाजूने एक उंचवटा खाली उतरतो व त्यातून नाक आणि ओठाचा मधला भाग बनतो. दोन्ही गालांच्या बाजूंनी दोन उंचवटे मध्याकडे सरकत येतात. उरलेल्या दोहोंचा खालचा जबडा होतो. कपाळाकडून आलेला भाग आणि गालांकडून आलेले भाग ठरल्या मुदतीत एकमेकांस भिडले, त्यांच्यावरचा पातळ पापुद्रा विरून जाऊन आतील पेशी एकजीव झाल्या, म्हणजे ओठ अखंड होतो. आपल्या प्रत्येकाच्या वरच्या ओठावर नाकाखाली जी उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना ज्या दोन बारीक उभ्या कडा असतात, त्या ह्या जोडकामाच्या आसपासच्याच खुणा होत. आणि दुभंग पडतो तोही बहुधा ह्याच कडांच्या रेषेत, ओठाच्या ऐन मध्यावर क्वचितच. टाळूची कथा ह्याहून नाट्यपूर्ण आहे. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी निघणारे तिचे दोन पडदे प्रथम जिभेच्या दोन अंगांना खाली लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खाली सरकून वाट मोकळी करून देते, आणि मग ते पडदे कवाडाच्या दोन फळ्यांसारखे वर उचलले जाऊन आडवे होतात व पुढून मागे क्रमाक्रमाने सांधत जातात. पडजीभ ही ह्या सांध्याची शेवटची गाठ. हा क्रम जेथे अडेल तेथून मागचा भाग उघडा राहतो. म्हणून कोणाची केवळ पडजीभच दुभंगलेली असते, कोणाची मऊ टाळू, तर कोणाची अर्धी-अधिक टाळू उघडी असते.

सारांश, दुभंगलेल्या ओठाच्या मुलाचे काही कापले गेलेले नसते. जे जुळावयाचे होते ते वेळेवर जुळलेले नसते. हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. कातडी, स्नायू, लाली हे सर्व साहित्य थोडेफार कमी प्रमाणात पण दोन्ही बाजूंना हजर असते, फक्त आपापल्या जागेवरून सरकलेले असते, आणि म्हणूनच शस्त्रवैद्याला ते परत आणून बसविता येते.

जगात सरासरी सातशे जन्मांमागे एका मुलास हा दोष असतो. आपल्या देशात दरसाल अशी सुमारे ३० हजार किंवा त्याहून थोडी अधिक मुले जन्मतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ओठाचा दुभंग मुलग्यांत अधिक आणि उजवीपेक्षा डाव्या बाजूस अधिक. डावा, उजवा आणि दोन्ही बाजूंचा यांचे प्रमाण साधारणतः सहा, तीन आणि एक असे पडते. उलट ओठ शाबूत असून केवळ टाळूच दुभंगलेली असणे हे मुलींत अधिक आढळते, आणि त्याची एक संभाव्य उपपत्ती अशी की, मुलींच्या टाळूचे पडदे मुलग्यांपेक्षा जवळजवळ आठवडाभर उशिरा आडवे होतात, त्यामुळे विघ्न येण्यास तेवढा अवकाश अधिक मिळतो. डावी बाजूच अधिक का, ह्याचे सर्वांस पटेल असे उत्तर शास्त्राजवळ अद्याप नाही.

कारणांच्या बाबतीत एका कोणा गुन्हेगारास पकडून देण्याची सोय नाही. आनुवंशिक प्रवृत्ती आणि त्या चार-सहा आठवड्यांतील गर्भाची परिस्थिती यांची गाठ पडून हा दोष उद्भवतो. आईवडील दोघेही निर्दोष असून पहिल्या मुलास दुभंग असेल, तर पुढील मुलास तो असण्याचा संभव शेकडा तीन ते पाच एवढाच असतो, म्हणजे शंभरातील पंचाण्णव किंवा त्याहून अधिक खेपा सुखरूप. हा आकडा त्या आईस कोणीतरी स्वच्छ शब्दांत सांगणे अगत्याचे असते, कारण दुसऱ्या बाळंतपणाच्या भीतीने खचलेली कित्येक घरे केवळ ह्या एका माहितीने सावरतात. काही थोड्या घराण्यांत मात्र दोष पिढ्यान् पिढ्या उतरतो. तेथे खालच्या ओठावर दोन बारीक खळगे दिसले तर वैद्य सावध होतात, कारण ते एका विशिष्ट जनुकातील बिघाडाचे चिन्ह असते आणि अशा घरात पुढील मुलास दोष येण्याची शक्यता निम्म्यापर्यंत जाऊ शकते. आईचे धूम्रपान, मद्यपान, गर्भधारणेपूर्वीपासूनचा मधुमेह, आणि फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट यांसारखी अपस्माराची काही औषधे यांनी धोका वाढतो. आपल्या बहुतेक बायका सिगारेट ओढीत नाहीत हे खरे, पण पुष्कळजणी मिश्री लावतात, आणि मिश्री म्हणजेही तंबाखूच. गरोदरपणी तिच्यापासून दूर राहण्यास इतरही कारणे पुरेशी आहेत. अपस्माराचे औषध मात्र कोणी आपल्या मनाने बंद करू नये. मूल हवे असे ठरले की आधीच वैद्याचा सल्ला घेऊन ते बदलून घ्यावे. फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांनी पाठीच्या कण्याचे दोष पुष्कळ अंशी टळतात हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. दुभंगाच्या बाबतीत पुरावा तितका एकमुखी नाही, तथापि गोळी स्वस्त, निरुपद्रवी आणि अन्य कारणांसाठी आवश्यकच असल्यामुळे ती गर्भ राहण्यापूर्वीपासून घेण्यात शहाणपण आहे.

सोनोग्राफीत पाचव्या महिन्याच्या आगेमागे ओठाचा दुभंग बहुधा दिसतो. एकटी टाळू दुभंगलेली असेल तर ती सहसा दिसत नाही. दुभंग दिसल्यावर घाबरून गर्भ नको म्हणणारी जोडपी येतात, आणि त्यांना त्या क्षणी एखाद्या अनुभवी शस्त्रवैद्याकडे नेऊन बसविणारा माणूस भेटला तर त्यांचे विचार पुष्कळदा बदलतात. अर्थात दुभंगाबरोबर हृदयाचे किंवा अन्य काही व्यंग नाही ना, ह्याची तपासणी प्रत्येक मुलाची झालीच पाहिजे, आणि केवळ टाळूचा दोष असलेल्या मुलांच्या बाबतीत ती विशेष काटेकोर हवी, कारण जोडव्यंगे त्यांच्यात अधिक आढळतात.

मूल जन्मल्यावरची पहिली लढाई शस्त्रक्रियेची नसते, दुधाची असते. अंगावर पिताना मूल ओठांनी चहूकडून पकड घेते, टाळू वरून वाट बंद करते, आणि तोंडात ओढ निर्माण होऊन दूध येते. केवळ ओठाचाच दोष असेल तर आईने आपल्या अंगठ्याने फट झाकून धरल्यास मूल बहुधा छातीशी नीट पिऊ शकते. टाळू उघडी असली की मात्र तोंड आणि नाक एक होऊन ओढ अशी निर्माणच होत नाही. मूल तासभर छातीशी चुळबुळत राहते, दमते, झोपी जाते. घरच्यांना वाटते पोट भरले, आणि पंधरवड्याने वजन करावे तो ते जन्मवेळेपेक्षाही उतरलेले. अशा मुलासाठी आईने दूध पिळून काढावे आणि ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या आज्या वापरीत त्या बोंडल्याने पाजावे. बोंडले नव्या पिढीने माळ्यावर टाकले असले तरी ह्या कामी ते अजून उत्तम आहे: त्याची चोच गालाच्या आतल्या बाजूस टेकवून थेंब थेंब दूध सोडता येते, गिळण्याची गती मुलाच्या हाती राहते, आणि ते उकळून स्वच्छ करणे बाटलीहून सोपे. मुलाचे डोके व छाती उंच धरावी, आडवे निजवून कधीही पाजू नये. थोडे दूध नाकातून बाहेर येईल. ते पाहून पहिलटकरणीचा जीव उडतो, परंतु मूल गुदमरत नसेल, निळे पडत नसेल, तर नाक पुसून क्षणभर थांबावे व पुन्हा पाजावे. हवा अधिक गिळली जाते म्हणून मधून मधून खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. अर्ध्या तासाहून अधिक वेळ एका खेपेस घालवू नये, कारण त्यापुढे मूल जेवढे पिते त्याहून अधिक शक्ती पिण्यातच खर्च करते. दर आठवड्याला वजन हवे. अंगणवाडीतला काटा त्यास पुरतो. ज्या मुलांचा खालचा जबडा फार लहान असून जीभ मागे पडते त्यांना श्वासाचाच त्रास होतो. अशांना पालथे निजवावे लागते आणि ती रुग्णालयाच्या देखरेखीतच असावीत.

इतके सांगून झाल्यावर ह्या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळावयास हवे. दुभंगलेला ओठ सर्वांस दिसतो, म्हणून त्याची काळजी सर्वांस लागते. टाळू तोंडाच्या आत असते, म्हणून ती विसरली जाते. वस्तुतः माणसाच्या आयुष्यावर ओठापेक्षा टाळूचाच अंमल अधिक चालतो, कारण वाचा तिच्या स्वाधीन असते.

ज्यांनी आपल्या वर्णमालेची मांडणी केली त्यांनी हे सत्य नकळत आपल्या हाती देऊन ठेवले आहे. क, च, ट, त, प ह्या पाचही वर्गांतील पहिले चार वर्ण उच्चारताना टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जाऊन घशाच्या मागील भिंतीस टेकतो, नाकाकडील वाट बंद होते, आणि तोंडात कोंडलेली हवा जिभेच्या वा ओठांच्या अडसरामागून फुटून बाहेर पडते. पाचव्या वर्णाच्या वेळी, म्हणजे ङ, ञ, ण, न, म म्हणताना, तीच वाट उघडी राहते. ज्या मुलाची टाळू मिटत नाही त्याच्यापाशी ही निवडच नसते. त्याची वाट सदैव उघडीच, आणि त्यामुळे प्रत्येक वर्गातील तिसरा वर्ण पाचव्याकडे घसरतो. ब चा म होतो, द चा न, ड चा ण. बापाला पाहून ते आनंदाने 'बाबा' म्हणावयास जाते आणि तोंडून निघते 'मामा'. 'दादा' म्हणावे तो 'नाना'. 'आई', 'मामी', 'नाना' हे शब्द मात्र जवळजवळ बिनचूक येतात, कारण त्यांत हवा कोंडण्याचे काम नाही. आणि त्यामुळेच दीड वर्षाच्या मुलाचे बोलणे ठीक आहे असा घरच्यांचा गोड गैरसमज होतो. प, त, क यांची अवस्था याहून बिकट. तोंडात हवा कोंडता येत नाही हे त्या हुशार जीवाच्या लवकरच ध्यानात येते आणि तो ती कोंडण्यासाठी दुसरी जागा शोधून काढतो: घशात खाली, स्वरयंत्रापाशी. मग 'काका' ह्या शब्दातून दोन्ही क गळून घशातील दोन झटके तेवढे ऐकू येतात. ही सवय एकदा मुरली की पुढे टाळू कितीही उत्तम शिवली तरी ती आपोआप जात नाही. वाट बंद झालेली असते, पण जिभेने शिकलेला जुना रस्ता सुटत नाही. गावात अशा मुलास 'गेंगाणा' म्हणतात, शाळेत त्याला मागच्या बाकावर बसवितात, आणि बुद्धीने तल्लख असलेले पोर तोंड उघडणेच सोडून देते.

ऐकण्याचाही संबंध येथेच येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. घशातून मधल्या कानाकडे जाणारी जी नळी गिळताना उघडते तिला उघडणारा स्नायू टाळूचाच असतो. टाळू दुभंगली की तो स्नायू आपले काम नीट करीत नाही, मधल्या कानात चिकट पाणी साचते, आणि मुलास जग जणू भिंतीपलीकडून ऐकू येते. ज्याला नीट ऐकू येत नाही ते नीट बोलणार कसे? म्हणून अशा प्रत्येक मुलाच्या कानांची तपासणी सहा-सहा महिन्यांनी व्हावी, आणि गरज पडल्यास कानाच्या पडद्यात बारीक नळी बसवून ते पाणी काढून टाकावे.

ओठ सांधण्याची विद्या फार जुनी आहे. चिनी इतिहासग्रंथांत चौथ्या शतकाच्या अखेरची एक हकिगत नमूद आहे ती अशी की, वेई युंगची नावाचा दुभंगलेल्या ओठाचा एक गरीब तरुण यिन चुंगखान ह्या सुभेदाराच्या पदरी असलेल्या वैद्याकडे दूरवरून चालत गेला. वैद्याने ओठ कापून शिवता येईल असे सांगितले, मात्र शंभर दिवस पेजेवर राहावे लागेल आणि ह्या मुदतीत हसता-बोलता येणार नाही अशी अट घातली, ती त्याने तत्काळ मान्य केली. आणि पुढे तोच तरुण सैन्यात चढत चढत त्याच प्रांताचा सुभेदार झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात कान आणि नाक सांधण्याच्या रीती सांगून, ओठही नाकाप्रमाणेच सांधावा, फक्त त्यात नळ्या घालू नयेत, असे सांगितले आहे; त्या प्रकरणाचा रोख छिन्न अवयवांवर असला तरी कातडी जिवंत ठेवून ती फिरविण्याची जी युक्ती तेथे आहे तीच आजच्या अशा शस्त्रक्रियांचा पाया होय. ती विद्या आपल्या प्रांतात लुप्त झाली नव्हती, याचा पुरावा लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ साली छापला: टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नवे नाक पुण्याजवळ विटा पाडण्याचा धंदा करणाऱ्या जातीतील एका इसमाने कपाळाच्या कातडीतून बनविले होते आणि मुंबई इलाख्याच्या इंग्रज वैद्यांनी ते काम समक्ष पाहिले होते. त्या कारागिराचे नाव मजकुरात नाही, गाडीवानाचे आहे. आपल्या इतिहासाची ही एक नेहमीची खोड.

टाळूला हात घालण्याचे धैर्य मात्र माणसाला फार उशिरा झाले. १८१९ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये जॉन स्टीफन्सन नावाचा कॅनडाचा वैद्यकाचा विद्यार्थी रू नामक विख्यात शस्त्रवैद्यास भेटला. त्याचे नाकातले बोलणे ऐकून रूने तोंड उघडावयास सांगितले, मऊ टाळू दुभंगलेली पाहिली, आणि ती शिवण्याचा बेत ठरला. भूल देण्याची विद्या अवतरावयास अजून पाव शतकाहून अधिक अवधी होता. स्टीफन्सन पूर्ण शुद्धीत खुर्चीवर बसला, तोंड उघडे ठेवून, ओकारी आवरीत, घशाच्या तोंडाशी चाललेले सुईदोऱ्याचे काम त्याने सहन केले, आणि टाके जुळले तेव्हा त्याचा आवाज पालटला होता. पुढच्याच वर्षी त्याने एडिंबर्ग विद्यापीठास टाळूच्या शस्त्रक्रियेवर लॅटिन प्रबंध सादर केला. मायदेशी परतून, ज्या संस्थेतून मॅकगिल विद्यापीठाची वैद्यक शाखा उदयास आली तिच्या संस्थापकांत तो गणला गेला आणि वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांपुढे व्याख्याने देत राहिला.

आजची रीत अशी: मूल साधारण तीन ते सहा महिन्यांचे, अंगाने सुदृढ असले आणि अंगात रक्त पुरेसे असले की ओठ, नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे बोबडे बोल फुटण्याच्या बेतात, टाळू. ओठासाठी जगभर सर्वाधिक चालणारी पद्धत राल्फ मिलार्ड ह्या अमेरिकन शस्त्रवैद्याने कोरियात काम करीत असताना बसविली आणि १९५५ साली स्टॉकहोमच्या परिषदेत मांडली. शस्त्रवैद्य सुरी हाती घेण्यापूर्वी बराच वेळ कंपासाने मोजून शाईचे बारीक ठिपके देत असतो. मग नाकाकडे वर ओढली गेलेली ओठाची मधली बाजू वक्र छेद घेऊन खाली फिरवतो, त्यामुळे पडलेल्या जागेत दुसऱ्या बाजूची कातडी पुढे सरकवितो, आणि आतील स्नायूची दोन टोके नाकपुडीच्या तळाशी चुकीच्या जागी चिकटलेली असतात ती सोडवून एकमेकांस शिवतो. शेवटची रेघ राहते ती ओठावरच्या त्या नैसर्गिक उभ्या कडेतच. टाळूतही भोक बुजविण्यापेक्षा स्नायूंची दिशा पालटण्याचे काम अधिक मोलाचे असते: जे स्नायू आडवे जाऊन एकमेकांस मिळावयाचे ते दुभंगाच्या कडेने पुढे धावून हाडास चिकटलेले असतात, ते सोडवून मागे आडवे बसविले तरच टाळू हलते, आणि हलली तरच बोलते. येथे वैद्यकापुढे एक खरी अडचण उभी राहते. टाळू लवकर शिवली तर वाचा चांगली येते, पण वणामुळे वरच्या जबड्याची वाढ खुंटून चेहरा मधोमध बसका राहण्याचा धोका वाढतो. उशीर केला तर जबडा वाढतो, पण वाचा बिघडते. जगभरच्या तज्ज्ञांनी पुष्कळ वादविवादानंतर बव्हंशी वाचेच्या बाजूने कौल दिला आहे, आणि तो योग्यच आहे. जबडा पुढे अठराव्या वर्षी शस्त्रक्रियेने पुढे आणता येतो, हरवलेले बालपणीचे बोलणे नाही. दरम्यान, हिरडीतही फट असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या आत, सुळा उगवण्यापूर्वी, कमरेच्या हाडातील कीस तेथे भरावा लागतो, म्हणजे सुळ्याला बसावयास जागा मिळते.

आपल्या देशात ह्या शास्त्राची घडी बसविण्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, आणि दुभंगाची ओठ, टाळू व दोन्ही मिळून अशा तीन गटांत त्यांनी केलेली सुटसुटीत वर्गवारी आजही नागपूरच्या नावाने देशभर चालते. मुंबईत डॉ. चार्ल्स पिंटो यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. हिरजी अडेनवाला १९५९ मध्ये केरळात त्रिशूरच्या मिशन रुग्णालयात गेले, ते अनेक दशके तेथेच राहून हजारो मुलांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि तेथील केंद्राला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. अलीकडे धर्मादाय संस्थांच्या पैशातून अनेक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. मिर्झापूर जिल्ह्यातील एका मुलीवरील 'स्माइल पिंकी' ह्या माहितीपटास २००९ साली ऑस्कर मिळाल्यावर ही गोष्ट दूरवर पोचली. सरकारनेही फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला असून त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळू ह्यांचा समावेश आहे. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडे नोंद केली की जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता खुला होतो.

ह्या सर्व पुण्यकार्याबद्दल आदर राखूनही एक तक्रार नोंदविणे भाग आहे. शिबिरांचे अहवाल आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी छापतात, आणि ते पाहून देणगीदाराचे डोळे पाणावतात. पण छायाचित्रात आवाज येत नाही. ओठ शिवून झाला, मूल गोजिरे दिसू लागले, की आईबाप हात जोडून गावी जातात आणि टाळूसाठी परत येतच नाहीत, किंवा टाळू शिवून झाल्यावर वाणी-उपचारासाठी फिरकत नाहीत. दोष केवळ त्यांचाही नाही. मराठी वर्णांचे उच्चार मराठीतून शिकविणारे वाणी-उपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर मिळणे दुर्मीळ, आणि आठवड्याला एकदा मजुरी बुडवून तालुक्याहून शहर गाठणे कोणास परवडेल? निदान घरी एवढे तरी करता येते: टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी मुलाच्या नाकपुड्यांखाली लहानसा आरसा धरून त्याच्याकडून 'पा, पा', 'बाबा', 'पापड' असे शब्द म्हणवून घ्यावेत. आरशावर वाफ धरू लागली तर हवा अजून नाकातून निसटते आहे असे समजावे आणि उपचारांची कागदपत्रे घेऊन वैद्याकडे परत जावे. काही मुलांना दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि ती शाळेत जाण्यापूर्वी झालेली बरी. हीच कसोटी ज्याची टाळू वरून अखंड दिसते अशा मुलासही लावण्यासारखी आहे. काहींच्या टाळूची कातडी जुळलेली असते, पण खालचे स्नायू जुळलेले नसतात. पडजीभ टोकाशी दोन झालेली दिसते, मधोमध निळसर रेघ असते, बाकी काही नाही, आणि ते मूल आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत केवळ आळशी जिभेचे म्हणून मार खात असते.

लग्नाच्या वयात आलेली माणसेही शस्त्रक्रियेसाठी येतात, बहुधा स्थळ पाहण्याचे सुरू झाल्यावर, आणि ओठ त्याही वयात उत्तम सांधतो. टाळूही सांधता येते, मात्र वीस वर्षांची मुरलेली उच्चारांची सवय त्यानंतर पुरती सुटेल अशी हमी कोणी देत नाही, आणि हे त्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट सांगितलेले बरे. काही कारणाने शस्त्रक्रिया शक्यच नसेल, तर दातांच्या कवळीसारखी टाळूवर बसणारी झाकणी दंतवैद्य तयार करून देतो. ही युक्ती सोळाव्या शतकातील आंब्रुआझ पारे ह्या फ्रेंच शस्त्रवैद्याइतकी जुनी आहे. तिने आवाजाचा गेंगाणेपणा काहीसा कमी होतो, पाणी पिताना नाकातून येणे थांबते, आणि इतके दिवस चारचौघांत जेवणे टाळणारा माणूस पंगतीला बसू लागतो.